सावलीचा फुटपाथ, धुराचा फुटपाथ : आपल्या रस्त्याची हवा कशी ओळखायची

एप्रिलातली दुपार, चार वाजलेत. बिनखांबी गणपतीकडून पापाच्या तिकटीकडे कोल्हापूरच्या महाद्वार रोडनं चालत निघालेला माणूस कुठल्या बाजूनं जातो? डाव्या, म्हणजे पश्चिमेकडच्या. तिथं सावली असते. एक गजरेवाल्या मावशी मात्र समोरच्या बाजूला, टळटळीत उन्हात छत्री लावून बसायच्या. एकदा न राहवून विचारलं, "मावशी, सावली सोडून इकडं का?" म्हणाल्या, "सावली हाय, खरं तिकडं डोळं चुरचुरत्यात बघ."

कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. मावशींचं निरीक्षण मात्र दोन्ही अर्थांनी खरं होतं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या आपल्या पेठांतल्या रस्त्यांवर दुपारनंतर सावलीची बाजू आणि धुराची बाजू बहुतेक वेळा एकच असते. असं का होतं, कधी होत नाही, आणि आपल्या स्वतःच्या रस्त्यावर ते कसं तपासायचं, ते आता पायरीपायरीनं पाहू.

शहराच्या हवेचे आकडे मिळतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा प्रमाणात न बसणाऱ्या शहरांच्या, यादीत कोल्हापूर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी महाद्वार रोड, दाभोळकर कॉर्नर आणि शिवाजी विद्यापीठ अशा ठिकाणी होते. पण मोजणी केंद्राचा आकडा त्या जागेचा आणि चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. तुमच्या दारात संध्याकाळी सात वाजता काय चाललंय, हे तो सांगत नाही. त्यासाठी वही, फोनमधलं होकायंत्र, हातभर रेशमी रिबन आणि उदबत्तीचा पुडा पुरतो. जमलं तर लांबून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी 'गन' घ्या, एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असते ती. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची गन इथं कामाची नाही. ती अंगाच्या तापमानापुरतीच असते, तापलेल्या भिंतीपुढे हात टेकते.

पहिली पायरी : रस्ता मापा

शंभर मीटरचा एकच तुकडा निवडा. अख्ख्या पेठेच्या मागे लागू नका. एका बाजूच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पावलं मोजा. साधारण उंचीच्या माणसाचं एक पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं. उंचीसाठी मजले मोजून तिनानं गुणा, तेवढी अचूकता बास. जुनं दुमजली कौलारू घर सात मीटरच्या घरात जातं, पाच मजली व्यापारी संकुल पंधरा.

आता उंचीला रुंदीनं भागा. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे पंधरा मीटरच्या इमारती असतील तर उत्तर १.७ येतं. कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ टी. आर. ओक यांनी १९८८ साली याची ढोबळ प्रतवारी मांडली. गुणोत्तर ०.३ पेक्षा कमी असेल तर रस्ता मोकळा : वारा एका इमारतीवरून उतरतो, रस्त्याला स्पर्श करतो आणि मग पुढच्या इमारतीला भिडतो. ०.७ च्या वर गेलात की वाऱ्याचा मुख्य झोत छपरांवरूनच सटकतो, खाली उतरत नाही. मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ.

आपल्या जुन्या पेठांतले बहुतेक रस्ते ०.७ च्या वरचेच. म्हणजे दरीच म्हणायची. या दरीतली हवा स्थिर मात्र नसते. वरून जाणारा वारा तिला फिरवतो, पिठाच्या गिरणीत पट्ट्यानं चाक फिरावं तशी. वारा पश्चिमेकडून येतोय असं धरा. त्याचा थोडा भाग पूर्वेकडच्या रांगेच्या दर्शनी भिंतीवर आदळून खाली उतरतो, रस्त्यावरून उलटा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आणि पश्चिमेकडच्या रांगेच्या भिंतीला लागून वर चढतो. उतरणारी हवा छपरावरची, त्यातल्या त्यात स्वच्छ. चढणारी हवा सगळा रस्ता झाडून आलेली, रिक्षांचा, बसचा, दुचाक्यांचा धूर घेऊन. म्हणून गच्चीवर वारा ज्या दिशेनं येतो, त्याच दिशेच्या फुटपाथवर धूर साचतो. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. दोनदा वाचा.

गुणोत्तर २ च्या पुढे गेलं, तर एकाखाली एक अशी दोन चाकं तयार होतात. खालचं मंद आणि उलट्या दिशेनं फिरणारं. गुजरीच्या आसपासच्या एखाद्या अरुंद बोळात उभं राहिल्यावर हवा कोंडल्यासारखी वाटते, त्यामागं हेच असतं.

दुसरी पायरी : वारा गच्चीवर पाहा

रस्त्यात उभं राहून वाऱ्याची दिशा ठरवू नका, तिथं तो उलटा लागतो. गच्चीवर जा, काठीला रिबन बांधा आणि दहा मिनिटं बघा. वेगासाठी वेगळं यंत्र नको. धूर नुसता कलतोय, पण चेहऱ्याला वारा जाणवत नाही, म्हणजे सेकंदाला दीड मीटरपेक्षा कमी. चेहऱ्याला वारा लागतो आणि पानं सळसळतात, म्हणजे दोन-तीन मीटर. कोपऱ्यावरच्या तालमीचा भगवा झेंडा सतत फडकत राहिला, तर साडेतीन ते पाच.

कोल्हापूरचा ढोबळ हिशेब असा : पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येचा जोरदार वारा, उन्हाळ्यात दुपारनंतर पुन्हा पश्चिमेचा, आणि हिवाळ्यातल्या सकाळी पूर्वेकडून येणारी मंद झुळूक किंवा तीही नाही. तरी तुमच्या गच्चीवर एक आठवडा सकाळ-दुपार-संध्याकाळ नोंद करा. शेजारच्या उंच इमारतीनं दिशा बदललेली असू शकते.

मग रस्त्याची दिशा होकायंत्रावर पाहा. महाद्वार रोड साधारण उत्तर-दक्षिण, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याला आडवा, वर सांगितलेलं चाक तिथं फिरतं. ताराबाई रोड रंकाळ्याच्या बाजूकडून मंदिराकडे येणारा, म्हणजे त्याच वाऱ्याला समांतर. असा रस्ता नळासारखा वागतो. हवा सरळ वाहत जाते, दोन्ही फुटपाथ सारखेच, पण वाटेत धूर जमत जातो. त्यामुळे वाऱ्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांचं उष्टं येतं. वारा तिरपा असेल तर हवा मळसूत्रासारखी फिरत पुढे सरकते.

तिसरी पायरी : कुठली भिंत तापते?

सूर्याचा कोन म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना शिकवायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला अंबाबाईच्या किरणोत्सवाची, म्हणजे सूर्यकिरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचण्याची, वाट बघणाऱ्या शहरात, मावळतीच्या किरणांच्या वाटेत कुठली इमारत किती आडवी येते यावर चहाच्या टपरीवरही चर्चा होते. तीच नजर आपल्या रस्त्याकडे वळवायची.

उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पश्चिमेकडच्या रांगेची दर्शनी भिंत तापते आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या रांगेची. पूर्व-पश्चिम रस्त्यावर हिवाळाभर उत्तरेकडची रांग ऊन खात असते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या सुमाराला भर दुपारी भिंतींपेक्षा डांबरच जास्त तापतं.

तापलेल्या भिंतीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. आता पहिल्या पायरीतलं चाक आठवा. चढणाऱ्या बाजूची भिंत तापली, किंवा डांबर तापलं, तर उष्णता चाकाला मदत करते आणि धूर लवकर बाहेर पडतो. पण उतरणाऱ्या बाजूची भिंत तापली तर हवा खाली येऊ पाहते आणि भिंत तिला वर ढकलते. वारा दुबळा असला तर चाक मोडतं, खाली दुसरं लहान चाक तयार होतं आणि धूर तिथंच घुटमळतो.

कोल्हापूरची गोम इथं आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा आणि सूर्यही पश्चिमेला. हिवाळ्यात सकाळी झुळूक पूर्वेची, सूर्यही पूर्वेला. म्हणजे उत्तर-दक्षिण रस्त्यावर दोन्ही वेळा उतरणाऱ्या हवेचीच भिंत तापते, अडवणारी. आणि धूर चढतो ती भिंत, सावलीतली.

चौथी पायरी : वारा जिंकतो की ऊन, गणित करा

शास्त्रात याला रिचर्डसन अंक म्हणतात. घरगुती रूप सोपं आहे. इमारतीची उंची मीटरमध्ये घ्या, तिला भिंत आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकानं गुणा, तिसानं भागा. जे येईल त्याला वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं भागा.

समजा इमारत १२ मीटर, हवा ३५ अंश आणि भिंत ४५, म्हणजे फरक १०. बारा गुणिले दहा, १२०. भागिले तीस, ४. वारा सेकंदाला १ मीटर असेल तर अंक ४ च. वारा २ मीटर झाला की ४ भागिले ४, म्हणजे १. वारा ४ मीटर झाला की ४ भागिले १६, म्हणजे पाव.

अंक १ च्या बराच वर असला तर उष्णतेचं राज्य, पावाच्या आसपास किंवा खाली असला तर वाऱ्याचं. वेगाचा वर्ग असल्यामुळे वारा थोडा वाढला तरी पारडं झपकन फिरतं. हे गणित उष्णतेला जरा जास्तच भाव देतं, हेही लक्षात ठेवा. फ्रान्समधल्या नांत शहरात खऱ्या रस्त्यावर मोजमाप झालं, तेव्हा तापलेल्या भिंतीचा परिणाम भिंतीलगतच्या पातळ थरातच ठळक दिसला होता. म्हणून अंक दोन-तीन आला तरी निकाल कागदावर लावू नका, पुढची पायरी करा.

तोवर एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : वारा असेल तर धूर, वारा ज्या दिशेनं येतो त्या बाजूला. वारा पडला असेल तर तापलेल्या भिंतीच्या बाजूला.

पाचवी पायरी : उदबत्ती

सगळ्यात मजेची आणि सगळ्यात खरी पायरी. दोघं जण लागतात. एक इकडच्या फुटपाथवर, दुसरा समोर. कापडाच्या दुकानापुढं, पेट्रोलच्या आसपास किंवा मांडवाजवळ उदबत्ती पेटवू नका. आणि दुकानदाराला आधी सांगा, नाहीतर लोक समजतात काहीतरी उतारा चाललाय. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे.

उदबत्ती भिंतीपासून हातभर लांब, छातीच्या उंचीवर धरा. बस गेल्यावर अर्धा मिनिट थांबा. वाहनामागचा भपका सगळं ढवळून टाकतो, त्या क्षणाची नोंद घ्यायची नाही. मग धुराची रेघ बघा. ती भिंतीकडे जाऊन वर चढतेय, की भिंतीकडून खाली येऊन रस्त्याकडे पळतेय? दहा वेळा बघून दहापैकी किती वेळा काय झालं ते लिहा. दहापैकी सात-आठ वेळा एकच उत्तर आलं तर चाक फिरतंय. पाच-पाच आलं तर हवा नुसती घुटमळतेय.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हेच करता आलं तर करा. महाद्वार रोडच्या पश्चिम बाजूच्या एका गॅलरीत मेमधल्या दुपारी मी हे पाहिलंय. उदबत्तीची रेघ आधी भिंतीकडे झुकली, कठड्याला चाटून सरळ वर गेली आणि कौलांच्या पन्हाळीपाशी पोचल्यावर एकदम पूर्वेकडे वळून नाहीशी झाली. चाकाचा एक आरा डोळ्यांनी दिसला म्हणायचं. मावशींनी हे उदबत्तीशिवाय ओळखलं होतं.

सहावी पायरी : झाकण कधी बसतं?

आतापर्यंत रस्त्यापुरतं बोललो. रस्त्यातून बाहेर पडलेला धूर पुढे किती पातळ होतो, हे शहरावरच्या हवेवर ठरतं. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वरची त्यामानानं उबदार राहते. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण बसल्यासारखं होतं. झाकण हजार मीटरवर असताना जेवढा धूर सोडला, तेवढाच धूर ते शंभर मीटरवर असताना सोडला तर हवा दहापट गढूळ होते.

झाकण बघायचं असेल तर जानेवारीत पहाटे शहराबाहेर एखाद्या चालू गुऱ्हाळाकडे नजर टाका. चुलवाणात चिपाडं ढकलली की चिमणीतून धूर जोरात निघतो, थोडा वर जातो आणि मग कुणीतरी तळहातानं दाबल्यासारखा आडवा पसरतो. जिथं आडवा झाला तिथं झाकण. उसाचा पाला जाळलेला असेल तर त्याचाही थर तिथंच मिसळतो. ऊन वर आलं, जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमाराला तोच धूर वेडावाकडा होत उंच जायला लागतो. झाकण उघडलं.

त्यामुळे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तुमच्या लक्षात आलीच असेल : हिवाळ्यात संध्याकाळी सहा ते नऊ. सूर्य मावळून झाकण खाली येतंय, वारा पडलाय आणि नेमकी सगळी दुनिया बाजारात. त्यानंतरची वाईट वेळ पहाटेची. रंकाळ्यावर धुक्यात फिरणाऱ्यांचा मला आदर आहे, पण डिसेंबरात दमेकऱ्यांनी साडेसहाऐवजी साडेनऊला जावं, आणि तेही वाहत्या रस्त्याला लागून नव्हे, पाण्याच्या कडेनं.

उन्हाळ्याची दुपार धूर उधळून लावायला चांगली. पण ऊन फुकट काही देत नाही. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय वायू कडक उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, छातीला कळतो. पावसाळ्याबद्दल फार बोलायला नको. वारा आहे, पाऊस कण धुऊन नेतो, सुख आहे.

मग करायचं काय?

चालणाऱ्यांनी पश्चिमेचा बरा वारा असताना दुपारनंतर पूर्वेचा फुटपाथ धरावा, हे सरळ उत्तर. पण ३८ अंशांत म्हाताऱ्या माणसाला उन्हातून चाल म्हणणं शहाणपणाचं नाही. अशा वेळी वर्दळीचा रस्ताच सोडून मागच्या समांतर गल्लीनं जावं. राजारामपुरीसारख्या आखीव गल्ल्यांत ते सहज जमतं. लहान मुलाला सिग्नलवर कडेवर घ्या. सायलेन्सरच्या उंचीला त्याचं नाक असतं.

घर धूर चढणाऱ्या बाजूला असेल तर वर्दळीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद, मागच्या उघड्या. हिवाळ्यात घर मोकळं करायचं ते दुपारी बारा ते चार. सकाळी उठल्याउठल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची आपली सवय जानेवारीत रस्त्यालगतच्या घरांना महागात पडते. वरचे मजले तुलनेनं बरे, पण चढणाऱ्या बाजूला तिसऱ्या मजल्यापर्यंतही धूर पोचतो. उदबत्तीनं खात्री करा.

दुकानदारांसाठी तीन गोष्टी, आणि पहिली सगळ्यात महत्त्वाची. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडपत्री बांधू नका. सावली मिळते हे खरं, पण चाकाचं वरचं तोंडच बंद होतं. आपापल्या दारापुरती, आणि दोन ताडपत्र्यांमध्ये फट ठेवून बांधली तर सावलीही राहते आणि हवाही. रस्त्यावर आडव्या लावलेल्या फ्लेक्सचं आणि कमानींचंही तेच. दुसरं, सकाळी झाकण बसलेलं असताना कोरडा झाडू मारून धूळ उडवायची नाही. आधी पाण्याचा शिडकावा. तिसरं, जनरेटरचा आणि भट्टीचा पाइप बोळात सोडायचा नाही. छपराच्या वर दोन-तीन मीटर न्यायचा. छपराच्या खाली सोडलेला धूर चाकात अडकून तुमच्याच गल्ल्यावर परत येतो.

झाडांबद्दल लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहितो. गुणोत्तर ०.७ च्या वर आणि वर्दळ दाट, अशा रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या की ती हिरवी ताडपत्रीच होते. झाड तोडायचं नाही. दोन झाडांच्या शेंड्यांमध्ये आकाश दिसेल एवढी छाटणी मागायची, आणि नवीन लावताना अंतर ठेवायचं. रुंद, मोकळ्या रस्त्यावर उलट, फुटपाथ आणि वाहनं यांच्यामध्ये छातीएवढं दाट कुंपण लावलं तर ते धूर अडवतं.

उत्तर-दक्षिण रस्त्यावर राहत असाल तर पूर्वेकडच्या रांगेच्या दर्शनी भिंतींना फिकट रंग द्या किंवा वेल चढवा. हवा उतरायची ती भिंत जितकी कमी तापेल, तितकं दुपारनंतर चाक नीट फिरेल. हा खर्च मला सगळ्यात पटतो, कारण घरही गार राहतं.

इमारत पुन्हा बांधायला निघाली असेल, तर बैठकीत दोन मुद्दे काढा. शेजारच्या इमारतीशी असलेला बोळ पत्रे घालून बंद करू नका, रस्ता त्यातून श्वास घेतो. आणि वरचे मजले थोडे मागे घेता आले तर घ्या. सगळी रांग एका उंचीत कापल्यासारखी झाली की वारा वरून बिनधास्त निघून जातो. उंची कमी-जास्त असली की तो अडखळतो आणि खाली उतरतो. माझ्या माहितीतल्या एका इमारतीत या बोळातच दुचाक्यांचं पार्किंग आणि वर पत्रा असा बेत झाला. पहिल्या मजल्यावरच्यांनी वर्षभरात खिडक्या सील केल्या.

शेवटी यंत्राबद्दल. कण मोजणारं स्वस्त यंत्र घेतलंत तर त्याच्या आकड्यांवर भांडू नका, फरकांवर बोला. दमट हवेत ते फुगवून दाखवतं, कारण पाणी शोषून फुगलेले कण त्याला मोठे दिसतात. पहाटेच्या धुक्यातला आकडा म्हणून बाद. दोन फुटपाथ तपासायचे तर दोन यंत्रं आधी एक दिवस शेजारीशेजारी ठेवा, त्यांच्यातला फरक लिहा, मग वेगळी करा. वडापावच्या कढईपासून आणि आपल्या उदबत्तीपासून लांब टांगा. तुलनेसाठी देशाचं प्रमाण हाताशी असू द्या : पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे अतिबारीक कण) साठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १००. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्या अनुक्रमे १५ आणि ४५ आहेत. मोजणी एकदा मेमध्ये दुपारी चारला आणि एकदा जानेवारीत संध्याकाळी सातला करा, त्याच फुटपाथवर, त्याच खांबाला टांगून.